वाचकासाठी वास्तू : सर अँटोनिओ पॅनिझी

ग्रंथालयाची इमारत बांधावयाची ठरली म्हणजे बहुधा पहिला विचार होतो तो दर्शनी भागाचा, कोनशिलेचा आणि सभागृहाचा. वाचक कोठे बसेल, त्याच्या पुस्तकावर उजेड कोणत्या बाजूने पडेल, मागितलेला ग्रंथ त्याच्या हाती किती वेळात येईल आणि वीस वर्षांनी वाढलेले ग्रंथ कोठे ठेवावयाचे, हे प्रश्न मागाहून येतात. कधी कधी तर इमारत पुरी झाल्यावर येतात. हा क्रम उलटा करून आधी वाचक, नंतर ग्रंथ आणि त्या दोहोंच्या सोयीसाठी वास्तू, असा विचार ज्या थोड्या लोकांनी प्रत्यक्षात उतरविला, त्यांत सर अँटोनिओ पॅनिझी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. ते वास्तुशिल्पी नव्हते. ते होते ग्रंथपाल. आणि त्याआधी होते एक निर्वासित, निष्कांचन देशभक्त. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील घुमटाकार वाचनकक्ष हे त्यांच्या आयुष्याचे सर्वांत दृश्य फळ होय. परंतु त्या घुमटाचे मर्म समजावयाचे तर त्या आयुष्याकडेच वळले पाहिजे.

फाशीच्या छायेतून लंडनला

पॅनिझी यांचा जन्म १६ सप्टेंबर १७९७ रोजी उत्तर इटलीतील ब्रेशेल्लो या लहानशा गावी झाला. त्यांचे वडील औषधविक्रेते होते. पार्मा विद्यापीठातून १८१८ मध्ये कायद्याची पदवी घेऊन ते गावी परतले आणि वकिली करू लागले. त्या काळी इटली हे एक राष्ट्र नव्हते. लहानमोठी संस्थाने, त्यांवर ऑस्ट्रियाचा दाब आणि मोडेनाच्या ड्यूकची जुलमी राजवट अशा वातावरणात स्वातंत्र्याच्या ध्येयाने चालणाऱ्या गुप्त मंडळ्यांकडे हा तरुण वकील ओढला गेला. १८२२ मध्ये धरपकड सुरू झाली तेव्हा त्यांनी सीमा ओलांडून स्वित्झर्लंड गाठले. तेथे राहून त्यांनी मोडेनातील राजकीय खटल्यांच्या अन्यायाचे वाभाडे काढणारी एक पुस्तिका लिहिली. या धाडसामुळे त्यांना स्वित्झर्लंडमध्येही राहणे अशक्य झाले आणि मे १८२३ मध्ये ते लंडनला येऊन पोहोचले.

त्याच वर्षी मोडेनाच्या न्यायालयाने त्यांना त्यांच्या गैरहजेरीत देहान्ताची शिक्षा ठोठावली. आरोपी हाती लागत नाही म्हणून त्यांच्या प्रतिमेला फाशी देण्यात आली आणि त्या कामाच्या खर्चाचे बिलही त्यांच्याकडेच धाडण्यात आले. पॅनिझी यांनी आपण परलोकवासी झालेला आत्मा आहोत अशा थाटात त्याला उत्तर लिहिले. विनोदाचा हा अंश त्यांच्या अंगी पुढेही टिकून राहिला. लंडनच्या राजकारणात व विद्वन्मंडळांत वावरताना त्याचा त्यांना उपयोगही झाला.

विनोदाने पोट मात्र भरत नव्हते. इंग्रजी भाषा नीट येत नाही, खिशात पैसा नाही, ओळखीचे कोणी नाही अशा अवस्थेत त्यांनी काही महिने काढले. मग लिव्हरपूलला जाऊन ते इटालियन भाषेच्या शिकवण्या करू लागले. विल्यम रॉस्को यांच्यासारख्या साहित्यप्रेमी गृहस्थाने त्यांना आधार दिला आणि हेन्री ब्रूअम या प्रभावी कायदेपंडिताशी त्यांचा स्नेह जुळला. ब्रूअम यांच्याच प्रयत्नाने १८२८ मध्ये नव्याने निघालेल्या लंडन विद्यापीठात इटालियनचे प्राध्यापकपद त्यांना मिळाले. पद मानाचे, पण विद्यार्थी मोजके आणि प्राप्ती त्याहून मोजकी. अखेर १८३१ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जादा साहाय्यक म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्या वेळी त्यांचे वय तेहतीस वर्षांचे होते. पुढील पस्तीस वर्षे त्यांनी याच संस्थेत काढली.

गरीब अभ्यासकाचा हक्क

पॅनिझी आले तेव्हा म्युझियम ही सभ्य लोकांनी सवडीने पाहावयाची संग्रहांची जागा आहे, अशीच अनेकांची समजूत होती. ग्रंथसंग्रह मोठा असला तरी राष्ट्राच्या योग्यतेला शोभेसा नव्हता. १८३६ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष देताना पॅनिझी यांनी जी भूमिका मांडली, ती त्यांच्या साऱ्या कार्याचे सूत्र ठरली. ज्ञानाची तहान भागविण्याचे, आपल्या विषयाचा शोध घेण्याचे आणि गहनातील गहन प्रश्नाचा मागोवा घेण्याचे जे साधन देशातील सर्वांत श्रीमंत माणसाला उपलब्ध आहे, तेच गरीब विद्यार्थ्यालाही लाभले पाहिजे; आणि ते पुरविणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे त्यांचे मत होते. लिव्हरपूलमध्ये शिकवण्यांवर गुजराण करणाऱ्या माणसाच्या तोंडून हे मत आले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

१८३७ मध्ये ते मुद्रित ग्रंथ विभागाचे प्रमुख झाले. दांतेचे इंग्रजी भाषांतरकार हेन्री कॅरी हे सेवाज्येष्ठ असूनही त्यांना डावलून एका परदेशीयाला वर चढविले, म्हणून वर्तमानपत्रांतून टीकेची झोड उठली. पॅनिझी यांनी तिला कामाने उत्तर दिले. जुन्या माँटेग्यू हाउसमधील ग्रंथ नव्या इमारतीत हलविण्याचे अवघड काम त्यांनी हाती घेतले. तालिका कशी करावी यासाठी एक्याण्णव नियमांची संहिता सहकाऱ्यांच्या साहाय्याने तयार केली. ही संहिता १८४१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढील काळातील तालिकाशास्त्राचा एक पाया तिनेच घातला. देशात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक ग्रंथाची प्रत म्युझियमला मिळालीच पाहिजे, या कायद्याची त्यांनी कसोशीने अंमलबजावणी केली आणि टाळाटाळ करणाऱ्या प्रकाशकांना न्यायालयात खेचण्यासही मागेपुढे पाहिले नाही. टॉमस ग्रेनव्हिल या धनिक ग्रंथसंग्राहकाने वीस हजारांवर ग्रंथांचा आपला अनमोल संग्रह १८४६ मध्ये म्युझियमला दिला, तोही पॅनिझी यांच्या स्नेहामुळेच.

या साऱ्याचा परिणाम व्हावयाचा तोच झाला. १८३७ मध्ये सुमारे दोन लाख पस्तीस हजार असलेली ग्रंथसंख्या १८५६ पर्यंत पाच लाख चाळीस हजारांच्या घरात गेली. ग्रंथ आले, पण त्यांना जागा उरली नाही. पुस्तकांचे ढीग जमिनीवर लागू लागले आणि जागेअभावी खरेदीलाही हात आखडता घ्यावा लागला. वाचकांची स्थिती याहून बरी नव्हती. १८३८ मध्ये उघडलेल्या वाचनाच्या खोल्यांत गर्दी मावेना. तेथील कोंदट हवेने डोके धरे, आणि त्या डोकेदुखीला वाचकांनी म्युझियमचेच नाव देऊन टाकले होते. टॉमस कार्लाइलसारखा लेखक तर तेथील गैरसोयींमुळे पॅनिझी यांचा कायमचा टीकाकार बनला. घरी ग्रंथ देणारी लंडन लायब्ररी १८४१ मध्ये निघाली, तिच्यामागे कार्लाइलचा हा असंतोषही होता. टीका नेहमी न्याय्य होती असे नाही. पण वाचकाला त्रास होतो आहे हे पॅनिझी यांना इतर कोणाहूनही अधिक ठाऊक होते.

एका संध्याकाळचा आराखडा

शेजारची जमीन घेऊन विस्तार करावा, ही पॅनिझी यांची मागणी खर्चाच्या कारणाने मागे पडली. म्युझियमची भव्य ग्रीक धाटणीची इमारत सर रॉबर्ट स्मर्क यांनी उभारली होती. तिच्या चार बाजूंमध्ये एक मोठा चौक रिकामा पडला होता. चौकात वर्दळ नव्हती आणि उंच भिंतींमुळे ऊनही फारसे येत नसे. या जागेचा उपयोग करावा अशा सूचना इतरांनीही केल्या होत्या. पॅनिझी यांचे साहाय्यक टॉमस वॉट्स यांनी तेथे वाचनकक्ष बांधण्याची कल्पना फार पूर्वी मांडली होती आणि विल्यम हॉस्किंग या वास्तुशास्त्राच्या प्राध्यापकाने घुमटाचा आराखडा सादर केला होता. पुढे आपली कल्पना चोरली असा आरोपही हॉस्किंग यांनी केला. पण हॉस्किंग यांची इमारत मूर्ती मांडण्यासाठी होती. वाचन, ग्रंथसाठा आणि सेवा यांचा एकत्रित हिशेब करून जागेची उभारणी कशी व्हावी हे पॅनिझी यांनीच दाखविले.

१८ एप्रिल १८५२ रोजी त्यांनी स्वहस्ते एक ओबडधोबड रेखाटन केले. मध्ये वर्तुळाकार वाचनकक्ष आणि त्याच्याभोवती चौकोनात ग्रंथसाठा, एवढेच त्यात होते. मे महिन्यात ते विश्वस्तांपुढे गेले. सर रॉबर्ट यांचे धाकटे बंधू सिडनी स्मर्क यांनी त्याला वास्तुशास्त्रीय रूप दिले आणि वर घुमट चढविला. १८५४ मध्ये पार्लमेंटने पैसा मंजूर केला, त्याच वर्षी काम सुरू झाले आणि तीन वर्षांत, म्हणजे २ मे १८५७ रोजी, वाचनकक्षाचे उद्घाटन झाले. खर्च सुमारे दीड लाख पौंड आला. घुमटाचा व्यास १४० फूट, म्हणजे रोमच्या पँथिऑनच्या घुमटापेक्षा अवघा दोन फुटांनी कमी. उंची १०६ फूट. भोवतालच्या जुन्या इमारतीपासून ही वास्तू सर्व बाजूंनी मुद्दाम सुटी ठेवली होती. उजेड व हवा मिळावी आणि आग लागल्यास ती पसरू नये, हा त्यामागील हेतू होता.

लोकांचे डोळे घुमटावर खिळले. निळा, पांढरा आणि सोनेरी असा त्याचा आतील साज पाहण्यासाठी प्रारंभीच्या दिवसांत गर्दी लोटली. पण पॅनिझी यांचे लक्ष डोक्यावरच्या घुमटापेक्षा वाचकाच्या टेबलाकडे अधिक होते. एकंदर ३०२ वाचकांची सोय तेथे होती. चाकाच्या आरांप्रमाणे मध्यापासून निघणारी लांब टेबले मांडलेली होती. त्यांत दोन टेबले स्त्रियांसाठी राखीव होती. प्रत्येक वाचकाला चार फूट तीन इंच रुंदीची स्वतंत्र जागा मिळे. समोरच्याची नजर अडावी म्हणून मध्ये उंच पडदी होती. तिच्यात पुस्तक टेकविण्याची घडीची पाटी, दौत आणि लेखणी यांची सोय होती. याच पडदीतून ताजी हवा खेळविलेली होती आणि लंडनच्या हिवाळ्यात पाय गारठू नयेत म्हणून टेबलांखालून उष्ण पाण्याच्या नळ्या नेलेल्या होत्या. पावलांचा आवाज होऊ नये म्हणून जमिनीवर रबर आणि बूच यांच्या मिश्रणाचे आच्छादन होते. दहा वर्षांपूर्वी ज्या वाचकाचे डोके कोंदट हवेने दुखत होते, त्याच वाचकाच्या देहाचा हा बारकाईने केलेला विचार होता.

वर्तुळाच्या केंद्रस्थानी किंचित उंचावर अधीक्षकाचे आसन होते. तेथून सारा कक्ष एका दृष्टिक्षेपात येई. त्याच्याभोवती कड्यासारख्या मांडणीत तालिकेचे खंड ठेवलेले असत. कोणत्याही टेबलावरून उठलेल्या वाचकाला तालिकेपर्यंत सारखेच थोडे अंतर चालावे लागे. भिंतींच्या खालच्या कपाटांत कोश, संदर्भग्रंथ आणि नित्य लागणारे सुमारे वीस हजार ग्रंथ होते. ते वाचकाने कोणाला न विचारता स्वतः काढून घ्यावेत अशी मुभा होती. उमराव असो की शिकवण्या करणारा मास्तर असो, एकदा प्रवेशपत्र मिळाले की दोघांची खुर्ची, टेबल आणि हक्क यांत तिळमात्र फरक नव्हता. १८३६ मधील साक्षीतले तत्त्व येथे लाकूड, चामडे आणि लोखंड यांत उतरले होते.

लोखंडाचे ग्रंथभांडार

वाचकाला न दिसणारी बाजू याहूनही क्रांतिकारक होती. घुमटाबाहेरील चारही कोपऱ्यांत पॅनिझी यांनी लोखंडी ग्रंथभांडार उभारले. पूर्वीच्या ग्रंथालयांत भिंतीलगत उंचच उंच कपाटे असत आणि वरचा ग्रंथ काढावयाचा तर शिडी लावावी लागे. पॅनिझी यांनी कपाटांची उंची प्रत्येक मजल्यावर आठ फुटांवर आणली, त्यामुळे सेवकाला शिडीची गरज उरली नाही. मजल्यांच्या जमिनी लोखंडी जाळीच्या केल्या आणि वर काचेचे छप्पर ठेवले. छपरातून आलेला दिवसाचा प्रकाश जाळीतून झिरपत तळापर्यंत पोहोचे. फळ्या कमीजास्त उंचीवर बसविता याव्यात म्हणून त्यांनी विशिष्ट खुंट्यांची योजना केली. ग्रंथांच्या आकाराप्रमाणे फळी हलवावी, फळीसाठी ग्रंथ अडून राहू नये, हा त्यातील विचार होता. कपाटांची लांबी सुमारे तीन मैल आणि फळ्यांची पंचवीस मैल भरे. दहा लाखांवर ग्रंथ मावतील एवढी ही जागा होती. त्या वेळचा संग्रह याच्या निम्म्याच्या आसपास होता. म्हणजे पुढील पिढ्यांचा हिशेब आधीच धरला होता.

अग्नीची भीती पॅनिझी यांना सतत वाटे. त्यामुळे ग्रंथभांडारात किंवा वाचनकक्षात गॅसचे दिवे लावण्यास परवानगी नव्हती. हिवाळ्यात लवकर अंधार पडे किंवा लंडनचे दाट धुके उतरे, तेव्हा वाचकांना उठावे लागे. विजेचे दिवे तेथे १८७९ मध्ये आले.

या योजनेतही उणिवा होत्या, हे नमूद केले पाहिजे. वर्तुळाला वाढविता येत नाही. एकदा आखलेल्या परिघाबाहेर एकही टेबल सरकत नाही आणि वाचक वाढले की गर्दीच होते. घुमटाखाली लहानसा आवाजही घुमतो. ग्रंथभांडारही कालांतराने भरून गेले. त्यामुळे पुढे विसाव्या शतकात भिंती हलविता येतील आणि मजले वाढविता येतील अशा लवचीक आराखड्यांचा पुरस्कार ग्रंथालयतज्ज्ञ करू लागले. तरीही वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयाचा १८९७ मधील आणि मेलबर्नच्या ग्रंथालयाचा १९१३ मधील घुमटाकार वाचनकक्ष पाहिला म्हणजे पॅनिझी यांच्या कल्पनेने जगाला किती भुरळ घातली होती याची साक्ष पटते. वाचनकक्ष आणि ग्रंथभांडार वेगळे ठेवून त्यांना जवळ जोडणे ही त्यांची दृष्टी तर घुमटाहूनही अधिक दूरवर पोहोचली.

उत्तरायुष्य आणि वारसा

१८५६ मध्ये पॅनिझी हे म्युझियमचे मुख्य ग्रंथपाल, म्हणजे संपूर्ण संस्थेचे प्रमुख झाले. १८३२ मध्येच त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व स्वीकारले होते. पण मातृभूमी त्यांच्या मनातून कधीच गेली नाही. ग्लॅडस्टन आणि पामर्स्टन यांच्यासारख्या मुत्सद्द्यांशी असलेला स्नेह त्यांनी इटलीच्या कारणी लावला आणि नेपल्सच्या तुरुंगांत खितपत पडलेल्या देशभक्तांसाठी जिवाचे रान केले. ज्या भूमीत त्यांच्या प्रतिमेला फाशी झाली, त्याच एकीकृत इटलीने १८६८ मध्ये त्यांना आपल्या सिनेटचे सदस्यत्व दिले. १८६६ मध्ये ते सेवानिवृत्त झाले, १८६९ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली आणि ८ एप्रिल १८७९ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. ते अविवाहित होते. ग्रंथालय हाच त्यांचा संसार होता.

त्यांनी मांडलेल्या टेबलांवर कोण कोण बसून गेले याची यादी मोठी आहे. कार्ल मार्क्स यांनी आपल्या अर्थशास्त्रीय ग्रंथाची सामग्री येथे गोळा केली. मराठी वाचकाला अधिक जवळची वाटावी अशी आठवण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची आहे. १९२० ते १९२३ या काळात लंडनमध्ये अभ्यास करताना सकाळी म्युझियमचे दार उघडण्यापासून ते बंद होईपर्यंत ते या घुमटाखाली वाचीत बसत. पैशाच्या तंगीमुळे दुपारच्या जेवणाचीही भ्रांत असे. श्रीमंतातील श्रीमंताला मिळणारे ज्ञानसाधन गरीब विद्यार्थ्याला मिळावे, ही १८३६ मधील मागणी याहून अधिक सार्थ कोठे झाली असेल, हे सांगणे कठीण आहे. मराठी ग्रंथही त्या लोखंडी फळ्यांवर जाऊन विसावले होते. म्युझियममधील मराठी व गुजराती मुद्रित ग्रंथांची तालिका ब्लुमहार्ट यांनी तयार केली आणि ती १८९२ मध्ये प्रसिद्ध झाली.

भारतातही ग्रंथालयाच्या वास्तूचा असाच पायापासून विचार करणारा एक मराठी राज्यकर्ता होऊन गेला. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी तज्ज्ञाला बोलावून संस्थानातील ग्रंथालयांची घडी बसविली. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची नवी इमारत १९३१ मध्ये उभी राहिली. तिच्यातील पोलादी कपाटे आणि खालपर्यंत उजेड पोहोचविणारे काचेचे मजले पाहताना लंडनच्या लोखंडी जाळीची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

ब्रिटिश लायब्ररी १९९७ मध्ये सेंट पँक्रस येथील नव्या वास्तूत हलू लागली आणि घुमटाखालील वाचकांची शतकाहून जुनी वहिवाट संपली. २००० साली म्युझियमचा चौक काचेच्या छताखाली पुन्हा खुला झाला, तेव्हा घुमट जपला गेला. पण त्याच्याभोवतीची लोखंडी ग्रंथभांडारे काढून टाकण्यात आली. ज्याचे लोकांना कौतुक होते ते उरले आणि ज्यात पॅनिझी यांची खरी बुद्धी होती ते गेले, असे कोणाला वाटेल. पण ते सर्वस्वी खरे नाही. मोजून दिलेली वाचकाची जागा, हाताशी असलेले संदर्भग्रंथ, शिडीविना पोहोचता येणारी फळी, हलविता येणारे कप्पे, आगीपासून राखलेले अंतर आणि येणाऱ्या पिढीसाठी सोडलेली मोकळी जागा या गोष्टी आज लहानशा गावच्या वाचनालयालाही आपल्या आराखड्यात धराव्याच लागतात. दिव्याची जागा विजेने घेतली, तालिकेच्या खंडांची जागा संगणकाने घेतली. पण टेबलाशी वाकून बसलेल्या वाचकाची गरज फारशी बदललेली नाही. ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळाने नव्या इमारतीचा नकाशा पसरला असता त्यावर पहिली खूण त्या वाचकाच्या खुर्चीची करावी, हाच पॅनिझी यांच्या चरित्राचा बोध होय.